‘अशी बाई पुन्हा होणे नाही’ या वाक्यास हरकत

लिहून देणार: झनकलाल पटले, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीच्या आवारात, देवरी, जिल्हा गोंदिया.

लिहून घेणार: फुलवंताबाई मडावी, धंदा मापारी, धान खरेदी संस्था, राहणार चिचगडकडील रस्त्यावरचे गाव. (नावाआधी ‘कैलासवासी’ लिहिलेले नाही. तुमचे लोक मेल्यावर कैलासाला जात नाहीत, असे तुम्हीच एकदा सुनावले होते.)

तारीख: तुम्हाला माती दिली त्यानंतरचा दुसरा सोमवार.

साक्षीदार: देवकी, संस्थेत पोती शिवणारी, हयात. सुकलाल मडावी, तुमचे यजमान, हयात, परंतु सध्या कोणाशी बोलत नाहीत. टेंभरेजी, संस्थेचे व्यवस्थापक, हयात, परंतु साक्ष देतील याची खात्री नाही.

तक्रारीचे कारण: शोकसभेत उच्चारले गेलेले एक वाक्य.

बाई, बोलताना मी तुम्हाला ‘तू’ म्हणत आलो आणि तुम्ही मला ‘पटलेजी’. लेखी मजकुरात मात्र माझ्या हातून कोणाही पक्षकाराला ‘तू’ गेलेला नाही, आणि हा मजकूर लेखी आहे. सबब येथून पुढे ‘तुम्ही’. यावर तुम्ही हसाल, हे गृहीत धरले आहे.

आता हकीकत. तुम्ही गेल्याच्या आठवड्यातच संस्थेने गोदामात शोकसभा घेतली. हंगाम उघडायचा असल्यामुळे बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गाठी येऊन पडल्या होत्या. त्यांच्यावर सतरंजी टाकून मंडळींना बसविले. समोर खुर्ची, खुर्चीवर तुमचा फोटो, फोटोला हार. फोटो काटापूजनाचा होता. खरेदीच्या पहिल्या दिवशी वजनकाट्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडतात, तेव्हाचा. हातात आरतीचे ताट, अंगावर संस्थेने दिलेली साडी. शेजारचे पाहुणे कापून काढले होते, तरी त्यांचे कोपर राहून गेले होते. मी सभा संपेपर्यंत त्या कोपराकडेच पाहत होतो, कारण तुमच्या तोंडाकडे पाहवत नव्हते.

अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, “फुलवंताबाई आमच्या संस्थेची शान होत्या. अशी बाई पुन्हा होणे नाही.” सर्वांनी माना हलविल्या. मीही हलविली. पुढच्या वक्त्याने तेच वाक्य म्हटले, त्याच्या पुढच्यानेही तेच. वाक्य चांगले आहे. माझ्या पेनातून आले असते तर मला अभिमान वाटला असता.

सभा सुटल्यावर टेंभरेजींनी मला बाजूला घेतले. “पटलेजी, शोकप्रस्ताव तुम्हीच लिहा. ये ‘पुन्हा होणे नाही’ वाली लाइन जरूर टाका. आणि काटापूजनासाठी चार ओळी वेगळ्या द्या. इस बार बाईंचा फोटोच काट्यावर ठेवू. पेपरवाले पण येतेत.”

“आणि हंगामाला मापारी कोण?” मी विचारले.

“पाहू कोणी माणूस. बाईंची बात अलग होती.”

दुसऱ्या दिवशी देवकी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. तुम्ही तिला दोन हंगाम काट्याजवळ उभी करून वजन शिकविले, हे आवारातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

“पटलेजी, एक गोष्ट इचारू का जी?”

“इचार.”

“फोटो काट्यावर ठेवतेत म्हणे.”

“हो.”

“मंग मी कुठी उभी राहू?”

बाई, त्या वेळेपासून मी पेनाचे टोपण लावतो आणि काढतो. कारण तिच्या त्या विचारण्याने मला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. ज्या माणसासारखे दुसरे होणे नाही, त्याच्या जागेवर दुसरे बसवायचीही गरज नाही. साधा मापारी गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची जागा भरावी लागते, नाहीतर शेतकरी ओरडतात. असाधारण बाई गेली की जागा रिकामी ठेवणे हाच तिचा सन्मान ठरतो. तुमची स्तुती एका विशेषणाने वाढली की देवकीच्या पायाखालची जमीन एका हाताने कमी होते. आणि तालुक्यात विशेषणे पुरविण्याचे काम माझ्याकडे आहे.

सबब मी येथे लिहून देतो की तुम्ही असाधारण नव्हता.

दुपारी जेवण झाले की तुम्ही बारदान्याला टेकून डुलक्या घेत होता. तुमच्या कमरेला गुडाखूची, म्हणजे ओल्या तंबाखूच्या मिशरीची, डबी असे आणि दात घासता घासता तुम्ही हमालांना शिव्या घालत होता. एकदा तुमची कट्ट्यांची, म्हणजे भरल्या पोत्यांची, मोजणी एका कट्ट्याने चुकली. ती चूक टेंभरेजींनी दिवाळीपासून होळीपर्यंत पुरवून सांगितली. जुन्या मापाऱ्यांच्या मोजणीत असे नेहमी होई आणि मंडळी म्हणत, काट्यात काही बिघाड असेल. त्यावर तुम्ही माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला होता, “माणूस चुकला तं काटा चुकला म्हणतेत. मी चुकली तं बाई चुकली म्हणतेत. असं काऊन जी?” मी म्हणालो, जगाची रीत आहे. तुम्ही म्हणाला, “जगाचं नोका सांगू, काट्याचं सांगा.”

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या हंगामात तुम्ही संस्थेत झाडू मारायला लागलात. सांडलेले धान गोळा करायचे, पोत्यांखालची जागा झाडायची. तेव्हा संस्थेत बाई म्हणून तुम्ही आणि आदिवासी म्हणूनही तुम्हीच. त्यामुळे काटापूजनाला दरसाल तुमचीच गरज पडे. साडी मिळे, नारळ मिळे, फोटो निघे, आणि फोटोवाले गेले की साडीचा पदर खोचून तुम्ही पुन्हा झाडू हाती घेत होता. तुम्हाला पुढे उभे करावे ही सूचना संस्थेला पहिल्यांदा माझ्याच अर्जातून गेली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, की फोटोत आल्याशिवाय कोणाच्या नजरेत येत नाही. तुम्ही म्हणाला होता, “नजरेत घेऊन काय करू जी? नजर झाडून तं पोट भरत नाही.”

मग ते अगहनातले, म्हणजे मार्गशीर्षातले, आभाळ. जुने मापारी तापाने आडवे पडले होते, मैदानात धानाचे ढीग उघड्यावर, आणि दरेकशाच्या डोंगराकडून ढग काळे होऊन येत होते. हमाल उभे, शेतकरी उभे, टेंभरेजी फोन लावत उभे. तुम्ही झाडू भिंतीला टेकविला आणि काट्याजवळ जाऊन मोजायला सुरुवात केली. आमच्याकडे रास मोजताना पहिल्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तुमच्या तोंडून ‘लाभ’ ऐकून एका म्हाताऱ्याने आपला कट्टा मागे ओढला.

“बाईच्या हातानं रास मोजली तं बरकत जाते.”

“मंग आभाळाच्या हातानं मोजू द्याचं का, बाबाजी?” तुम्ही विचारले.

म्हाताऱ्याने वर पाहिले आणि कट्टा काट्यावर ठेवला. पाऊस यायच्या आत मैदान रिकामे झाले. मी टेबल आवरून शेजारच्याच गोदामाच्या पडवीत उभा होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, ऐकीव नाही.

आभाळ निवळले आणि तुमच्या हातात पुन्हा झाडू आला. जुने मापारी बरे होऊन एक हंगाम कसेबसे उभे राहिले, नंतर त्यांनी काम सोडले. तेव्हा तुम्ही सुकलालला घेऊन माझ्याकडे अर्ज लिहायला आलात. मी नेहमीच्या शिस्तीने लिहायला घेतले, आणि तुम्ही म्हणाला वाचून दाखवा. मी वाचले: “अर्जदार ही निराधार, अबला व आदिवासी समाजातील...”

“थांबा जी. हा समोर बिडी पिऊन राहिला तो कोण होये?”

“तुझा नवरा.”

“जिता आहे ना?”

“आहे.”

“मंग निराधार कायले लिहून राहिले?”

सुकलाल म्हणाला, “लिहू दे ना. काम होत असन तं मी घंटाभर मरून राहतो.”

आवारातले सगळे हसले. मी हसलो नाही. मी सांगितले की अर्जाची एक रीत असते, वाचणाऱ्याच्या मनाला लागले पाहिजे. तुम्ही म्हणाला, “कोनाच्या मनाले कायले लागाव? काटा मले येते. तेवढं लिवा.” एवढ्यावर अर्ज होत नाही, असे मी म्हणालो. अखेर ‘निराधार’ खोडले आणि ‘अबला’ राहू दिले. ती आपल्या दोघांतली तडजोड होती.

मंडळाचा ठराव झाला. त्यात माझेच शब्द उचलले होते: ‘विशेष बाब म्हणून’ फुलवंताबाई मडावी यांना मापारी नेमण्यात येत आहे. मी तो तुम्हाला मोठ्याने वाचून दाखविला.

“विशेष बाब म्हंजे?”

“म्हंजे फक्त तुझ्यासाठी.”

“मंग मी मेल्यावर?”

“आता कुठे मंजूर झालं. पेढे वाट. मरणाचं कायले काढते?”

“नाही, इचारून राहिली. माझ्या मागून कोनी आली तं तिनं काय कराव? दुसऱ्या आभाळाची वाट पाहाव का?”

“तिचा अर्ज मीच लिहीन.”

“मंग तुमचा धंदा चालते, पटलेजी. आमचं काम नाही चालत.”

तो वाद तेव्हापासून आपल्यात चालू राहिला आणि मिटला नाही. मी चुकलो, असे मी येथे लिहून देत नाही. त्या वेळी मी ‘मापाऱ्याच्या जागेवर बाईमाणूस नेमण्यास हरकत नसावी’ असा सर्वांसाठीचा नियम मागितला असता, तर कागद वाचल्याशिवाय परत आला असता. फट मिळाली तर आधी आत शिरावे, दाराचे मोजमाप नंतर. तुमचे म्हणणे होते की आत शिरल्यावर मागून दार लावून घेतले तर आत गेलेली एकटीच उरते, आणि एकटीला केव्हाही बाहेर काढता येते. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात का, हे मला ठरविता आलेले नाही. मी अर्जनवीस आहे, निकाल देणारा नाही.

तुम्ही काट्यावर उभ्या राहिल्यावर काय झाले, ते मात्र मी शपथेवर सांगू शकतो. जंगलाकडचे गोंड शेतकरी पूर्वी आपले कट्टे घेऊन तारेच्या कुंपणापाशी उकिडवे बसत आणि बाकी सगळ्यांचे झाल्यावर पुढे येत. तुम्ही गोंडीत हाक मारायला लागलात, तेव्हापासून ते काट्याच्या अगदी जवळ येऊन उभे राहू लागले आणि काटा डोळ्यांनी पाहू लागले. नंतर बायका स्वतःचे धान स्वतः आणू लागल्या. त्या तुमच्याशी काय बोलत ते मला समजत नसे. त्या हसत, आणि माझ्याकडे पाहून हसत, एवढे समजे.

त्याच वर्षी संस्थेने पत्र्याचे प्रसाधनगृह बांधून त्यावर ‘महिलांसाठी’ असे रंगवून घेतले. त्याचाही फोटो निघाला. किल्ली टेंभरेजींच्या खणात, आणि कुलूप उघडे फक्त मोठे पाहुणे आले तर. तुम्ही आणि देवकी दिवसभर पाणी पीत नव्हता, हे मला फार उशिरा कळले. मी म्हणालो, अर्ज देऊ. तुम्ही अर्ज दिला नाही. तुम्ही दाराची कडीच उचकटून आणलीत आणि टेंभरेजींच्या टेबलावर ठेवलीत.

“बाई, ये क्या है?”

“कडी. आता किल्ली हरपली तरी चालते.”

टेंभरेजी वाईट गृहस्थ नाहीत. शोकसभेत त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मला भीती वाटते ती त्याचीच. वाईट माणसाविरुद्ध अर्ज लिहिता येतो. ज्याचे डोळे भरले आहेत आणि जो त्याच भरल्या डोळ्यांनी देवकीला म्हणतो, “तू आपला सुईदोरा सांभाळ, फुलवंताबाईंशी बराबरी करू नको,” त्याच्याविरुद्ध कोणते कलम लावावे?

भादव्यात तुम्ही शेवटच्या आलात. अंगात ताप होता आणि तो तुम्ही लपवीत होता. दवाखान्यात जायच्या आधी माझ्याकडे आलात, हे मला नंतर सुकलालने सांगितले. तेवढेच तो बोलला. तुम्ही म्हणाला, “देवकीसाठी अर्ज लिवा. पन तिचं नाव नोका लिवू.”

“नाव नाही तर अर्ज कोणाचा?”

“जागेचा.”

“जागा सही करते का, बाई? जागेला अंगठा असते का?”

“मी गेली तं जागा राहते ना जी. तिच्यासाठी लिवा. कोनी बी येवो, बाई येवो, गोंडाची येवो, नाहीतं आनखी कोनाची येवो, काटा येते का एवढं पाहा म्हना.”

मी तुम्हाला अर्जाचे नियम समजावून सांगू लागलो. मी जरा लांबवर सांगितले असेन. तुम्ही खांबाला डोके टेकून ऐकत होता, आणि मध्येच उठून म्हणाला, “उद्या येते, मंग भांडू.”

‘उद्या’ तुम्ही आला नाहीत. माझ्याकडे उत्तर तयार होते. चांगले उत्तर होते. ते अजून तसेच पडून आहे आणि ते कोणाला द्यावे ते समजत नाही.

तुम्ही उन्हाळ्यात येताना टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, आणून माझ्या कागदांवर ठेवत होता, कागदांना डाग पडत, आणि मी रागावत असे. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. त्याहून मोठे आभार वेगळ्याच कारणाचे आहेत. इतकी वर्षे लोक माझ्याकडे येतात, अंगठा लावतात आणि निघून जातात. मी काय लिहिले ते कोणी विचारीत नाही. ‘वाचून दाखवा’ असे म्हणणाऱ्या, आणि वाचल्यावर ‘हे खोडा’ असे म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.

‘एकट्याच’ म्हटले की हे वाक्यही ‘पुन्हा होणे नाही’च्याच जातीचे झाले. ते खोडले असे समजावे. परवा देवकीनेही शोकप्रस्तावाचा मसुदा मला वाचून दाखवायला सांगितले.

आता माझ्या स्वतःच्या अडचणीविषयी. संस्थेचे सभासद हेच माझे पक्षकार आहेत. अध्यक्षांच्या शब्दाने माझे टेबल कचेरीच्या सावलीत आहे. मी शोकप्रस्तावातून ते वाक्य वगळले तर विचारतील, पटलेजी, बाईंवर तुमचा राग होता का? राग नव्हता म्हणून वगळले, हे त्यांना कसे समजवावे? आणि वगळूनही त्यांनी फोटो काट्यावर ठेवला तर? आणि देवकीला काट्यावर घेतलेच, पण पुन्हा ‘विशेष बाब’ म्हणूनच घेतले, तर तिच्या मागून येणारीने पुन्हा माझ्यासारख्या कोणाच्या टेबलापाशी उभे राहून तेच विचारायचे का? की या खेपेस सबंध नियम मागून मी देवकीची आहे ती संधीही घालवीन? चार ओळी मागितल्या होत्या. एक ओळ लिहिली की दुसरीतून नवी भीती निघते. देवकी आवाराच्या फाटकाशी रोज येऊन जाते. परवानंतर विचारीत काही नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

मंडळाची बैठक शुक्रवारी आहे. काटापूजन त्यानंतर लगेच.

सबब आपणास विनंती येणेप्रमाणे. शोकप्रस्तावातील ‘अशी बाई पुन्हा होणे नाही’ हे वाक्य मी कमी करीत आहे. आपला फोटो गोदामाच्या भिंतीवर, मान्यवरांच्या रांगेत लावावा आणि काटा मोकळा ठेवावा, असे सुचवीत आहे. सोबत एक अर्ज तयार केला आहे. त्यात मापाऱ्याच्या जागेसाठी वजन करता येणे एवढीच अट असावी, ती अट ज्याला किंवा जिला पुरी करता येईल त्यांना संधी मिळावी, आणि तशी माणसे दरवर्षी शिकवून तयार ठेवावीत, असे मागितले आहे. अर्जदाराच्या नावाची जागा कोरी आहे. असा अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नाही आणि तो कसा दाखल करून घेतील, मला ठाऊक नाही. सही माझी आहे.

यास आपली हरकत असल्यास शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरले जाईल.

अर्ज लिहून झाला की प्रत्येक पक्षकाराला मी म्हणत आलो, “जा, काळजी करू नका.” या अर्जाच्या वेळी मला तसे म्हणणारे कोणी नाही. संमती गृहीत धरता येते, ‘काळजी करू नका’ हे गृहीत धरता येत नाही. तरी तेवढ्यापुरते उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
झनकलाल पटले